रजेच्या फांदीवरची माणसं

इस्पितळाच्या तळघरात दोन दारं शेजारी शेजारी होती. एका दारामागे चादरी धुणारी यंत्रं धडधडायची, दुसऱ्या दारामागे सर्व्हर घोंघावायचे. नवखा माणूस हमखास चुकीचं दार उघडायचा. गुंडीच्या आईला मात्र दाराला हात लावायचीही गरज नव्हती. फटीतून ऊब आणि साबणाचा वास आला तर लाँड्री, पायाच्या घोट्याला गार वारा लागला तर आपली खोली.

बाळंतपणाची रजा संपवून ती परत आली तेव्हा खोली तीच होती, खुर्ची तीच होती, फक्त खुर्चीवर रेडिओची बॅग ठेवलेली होती. रेडिओ म्हणजे तिचा कामातला जोडीदार. सगळे सर्व्हर दोघं मिळून सांभाळायचे. एकच गोष्ट तीनतीनदा सांगायची त्याला खोड, म्हणून हे नाव पडलेलं, आणि त्याचा राग येण्याऐवजी त्याला ते मिरवायलाच आवडायचं.

"बस, बस. तुझीच जागा आहे," तो बॅग उचलत म्हणाला. "तुझीच आहे. मी फक्त बॅग ठेवलेली. बॅगच नुसती."

बॅग उचलली गेली, पण जागा तिची राहणार की नाही हे काही ठरलेलं नव्हतं. दोन-तीन आठवड्यांनी संगणक विभागाच्या साहेबांनी तिला केबिनमध्ये बोलावलं आणि समोरच्या कागदांची चळत उगाचच सरळ करत सांगितलं, "मॅडम, वरून दट्ट्या आहे. तुमच्या रजेत एकट्यानं भागवलं, म्हणजे काम एकट्याचंच आहे, असा वरच्यांचा समज झालाय. तेव्हा हे ड्युटीचं ॲप्लिकेशन तुम्ही मार्गी लावा. पुढच्या शुक्रवारी संध्याकाळपर्यंत झाडून सगळ्यांचं लॉगिन झालं पाहिजे. नाही झालं तर मी ते बाहेरच्या कंपनीला देतो आणि तुम्हाला हेल्पडेस्कला घेतो. दुपारची पाळी. नोकरी जाणार नाही, एवढं माझ्या हातात आहे."

साहेबांना वाटलं आपण दिलासा दिला. पण दुपारची पाळी म्हणजे घरी यायला रात्र. नवरा पुलाच्या बांधकामावर, शनिवारी यायचा आणि सोमवारी पहाटे जायचा. गुंडीला सांभाळायची ती नणंद, आणि नणंदेच्या शिकवण्या संध्याकाळी. म्हणजे साहेबांनी न घालवलेली नोकरी तिला स्वतःच्या हातानं सोडावी लागणार होती. हे तिने घरच्यांत फक्त नणंदेला सांगितलं.

"मग लावून टाक ना लॉगिन," नणंद गुंडीला खांद्यावर थोपटत म्हणाली. "त्यात काय एवढं?"

"अगं, लागलंय. बहुतेकांचं लागलंय. बारा-पंधरा जणांचंच होत नाही."

"मग त्या बारा-पंधरा जणांना सांग, घरी बसा."

गुंडीच्या आईला हसू आलं.

प्रकरण असं होतं. कुठल्या सिस्टरची कुठल्या वॉर्डात कधी पाळी, हे आजवर प्रत्येक मजल्यावरच्या फळ्यावर लिहीत. कुणीतरी पुसायचं, कुणीतरी बदलायचं, आणि महिन्यातून एकदा तरी एकाच खाटेपाशी दोन सिस्टर आणि दुसऱ्या खाटेपाशी कुणीच नाही, अशी गत व्हायची. म्हणून हे नवीन ॲप्लिकेशन आणलं. त्यात शिरायला वेगळा पासवर्ड नको, सकाळी संगणक उघडताना जो टाकतो तोच चालावा, असं ठरलं. इस्पितळातल्या प्रत्येक माणसाचं नाव आणि पासवर्ड एका डिरेक्टरीत होताच. ही डिरेक्टरी झाडासारखी. खोड एक, त्याला फांद्या, फांदीवर माणसं. कुणी ॲप्लिकेशनच्या दारात आलं की त्याने झाडाला विचारायचं, बाबा रे, हा आपल्यातला का? झाड हो म्हणालं की दार उघडायचं. ॲप्लिकेशनला झाडाचा पत्ता देणं, कुठून शोधायचं ते सांगणं, ही सगळी मांडणी ती रजेवर असताना रेडिओने केली होती.

"ते लोक पासवर्ड चुकवतात," रेडिओ म्हणाला. "चुकवतात म्हणजे चुकवतातच. मी सांगतो ना, चुकवतात."

तिने त्याचं ऐकून दोघातिघांचे पासवर्ड बदलून दिले. नव्या पासवर्डने त्यांचे संगणक उघडले, मेल उघडला. ॲप्लिकेशन मात्र तोंड वर करून तेच सांगत राहिलं, नाव किंवा पासवर्ड चुकीचा आहे. जो पासवर्ड बाकी सगळीकडे खरा, तो इथेच कसा खोटा?

बुधवारी तिने ॲप्लिकेशनला जरा जास्त बोलकं केलं. म्हणजे दारात काय काय घडतं ते सगळं त्याच्या नोंदवहीत, लॉगमध्ये, सविस्तर लिहायला लावलं. मग तिसऱ्या मजल्यावरच्या मोठ्या सिस्टरना फोन करून म्हणाली, "सिस्टर, एकदा प्रयत्न करता का?"

"बाळा, मी सकाळपासून तेच करतेय. ह्या मेल्याला मी आवडतच नाही."

फोन चालू असतानाच पडद्यावर ओळी सरकल्या. त्यांतली एक वाचून ती खुर्चीत पुढे सरकली. पासवर्ड चुकीचा असं तिथे नव्हतंच. लिहिलं होतं, अशा नावाची व्यक्ती सापडली नाही.

ही गोष्ट वेगळी होती. दारवान किल्ली लागत नाही म्हणत नव्हता, तो म्हणत होता हे माणूसच अस्तित्वात नाही. आणि मोठ्या सिस्टर तर तीस-एक वर्षं त्या मजल्यावर अशा अस्तित्वात होत्या की डॉक्टरसुद्धा त्यांना विचारून खोकायचे. तिने दुसऱ्या साधनाने झाडावर त्यांचं नाव शोधलं. सापडलं की! एका क्षणात सापडलं. मग ॲप्लिकेशनलाच का दिसत नाही?

इथे तिच्या हातून घोटाळा झाला. तिला वाटलं, ह्या लोकांचं नाव झाडावर वेगळ्या रकान्यात लिहिलेलं असणार. तर शोधताना नावाऐवजी मेलच्या पत्त्यावरून शोधून बघू. गुरुवारी दुपारी तिने शोधण्याची ती ओळ बदलली. बदलताना एक कंस उघडला आणि मिटायचा राहिला. एका कंसाची किंमत काय असते ते पुढच्या पाच मिनिटांत कळलं. फोन वाजायला लागले. पहिला मजला, चौथा मजला, औषधांचं दुकान, रक्त तपासणी. कुणालाच आत जाता येईना, आणि पाळी बदलायची वेळ झालेली.

तिने जुनी ओळ परत टाकली. सगळं पूर्ववत झालं, पण तोवर साहेब दारात उभे होते.

"मॅडम, आधी पंधरा जणांची तक्रार होती. तुम्ही ती सगळ्यांना समान वाटून टाकलीत."

"सर, मी परत लावलंय. चालू झालंय."

"दिसतंय मला. बाहेरच्या कंपनीचा माणूस सोमवारी सकाळी मोकळा आहे, एवढं सांगायला आलो होतो."

ते गेले. रेडिओ आपल्या पडद्यात इतकं डोकं घालून बसला की जणू त्याला तिथे काही दिसतंय. शेवटी हळूच म्हणाला, "होतं असं. माझंही झालेलं. होतं."

तिला वाटलं, लोक म्हणतात ते खरंच असावं. बाळंतपणात बायकांचं डोकं जातं, ते पुढे परत येतंच असं नाही. पूर्वी तिचा कंस कधी राहिला नव्हता.

छातीत दूध दाटून आलं होतं. ती दूध काढायच्या मशीनची पिशवी उचलून शेजारच्या दारात गेली. लाँड्रीत, घड्या घातलेल्या चादरींच्या उंच फळ्यांमागे लाँड्रीवाल्या मावशींनी दोन स्टुलं ठेवली होती. कुणी मागितली नव्हती. त्यांनीच एक दिवस ठेवली आणि पुढे एक जाडा पडदा टांगून टाकला. "धुलाईच्या आवाजात तुमच्या मशीनचा आवाज कुणाच्या बापाला कळत नाही," एवढंच म्हणाल्या होत्या.

एका स्टुलावर रिसेप्शनवाली आधीच बसली होती. तिचा मुलगा गुंडीपेक्षा महिन्या-दोन महिन्यांनी मोठा. दोघींची ओळख ह्या चादरींमागचीच.

"तुझा चेहरा का असा?" रिसेप्शनवालीने विचारलं.

"सगळ्या इस्पितळाचं लॉगिन बंद पाडून आले."

"बरं केलंस. निदान सगळे माझ्यासारखे झाले. मला तर ते पहिल्यापासून आत घेतच नाही."

"तुला पण? मग तक्रार का नाही केलीस?"

"काय करू? एवढ्या रजेनंतर आले, वाटलं आपल्यालाच जमत नसेल. दोनदा विचारलं असतं तर म्हणाले असते, बाईचं लक्ष घरी आहे."

गुंडीच्या आईच्या हातातलं काम तसंच राहिलं. यंत्राची धडधड मध्येच थांबली आणि पाणी वाहून जायचा आवाज आला.

गुंडी दोन महिन्यांची असताना तिच्या अंगावर पुरळ यायचं. कुणी म्हणे दूध बाधलं, कुणी म्हणे दृष्ट लागली, कुणी म्हणे आईच काहीबाही खाते. ती नुसती बघत राहिली. पुरळ आलं की त्याआधी काय घडलं होतं, हे मनात उलटं मोजत जायचं. आणि एक दिवस तिला दिसलं की ज्या दिवशी नणंदेने लोकरीची शाल पांघरून तिला घेतलेलं असतं, त्याच दिवशी पुरळ येतं. शाल गेली, पुरळ गेलं. सुंठीवाचून खोकला गेला. डॉक्टर म्हणाले होते, नजर चांगली आहे तुमची.

मग इथेही तेच करायला काय हरकत होती? ही माणसं वेगवेगळ्या मजल्यांवरची, वेगवेगळ्या कामांची, वेगवेगळ्या वयांची. त्यांच्यात आत्ता काही सारखं नव्हतं. पण आधी? मोठ्या सिस्टर गुडघ्याचं ऑपरेशन करून परत आल्या होत्या. रिसेप्शनवाली बाळंतपणावरून. एक्स-रेवाला जिन्यावरून पडून पाठ धरून घरी पडला होता, ते तर साऱ्यांना ठाऊक होतं, कारण एक्स-रेवाल्याचाच एक्स-रे काढायची वेळ आली म्हणून लोक हसले होते. औषधांच्या दुकानातली बाई आईच्या आजारपणासाठी किती तरी महिने घरी होती.

"सगळे रजेवरून आलेले आहेत," ती म्हणाली.

"काय?"

"लांबच्या रजेवरून आलेले. सगळे. आपण सगळे."

'आपण' म्हणताना तिची जीभ अडखळली. कारण तिने स्वतःच्या नावाने त्या ॲप्लिकेशनमध्ये जायचा प्रयत्न कधी केलाच नव्हता. रेडिओने तिला 'ॲडमिन' हे खास नाव दिलं होतं, जे झाडाला न विचारता मागच्या दाराने आत सोडायचं. ती अर्धी भरलेली दुधाची बाटली पिशवीत ठेवून जवळजवळ पळतच आपल्या खोलीत आली, आपलं नाव टाकलं, आपला पासवर्ड टाकला.

नाव किंवा पासवर्ड चुकीचा आहे.

"काखेत कळसा," ती मोठ्यांदा म्हणाली, "आणि गावाला वळसा."

रेडिओने मान वळवली. "काय झालं?"

"मी सुद्धा नाहीये, हे बघ! मी सुद्धा नाहीये!" आयुष्यात कुठलाही नकार वाचून तिला एवढा आनंद झाला नव्हता.

मग तिने झाडावर आपलं नाव शोधलं, आणि ह्या वेळी नुसतं नाव सापडलं यावर समाधान न मानता पूर्ण पत्ता वाचला. माणूस कुठल्या फांदीवर बसलाय ते त्या पत्त्यात लिहिलेलं असतं. रेडिओचं नाव होतं 'कार्यरत' फांदीवर. तिचं नाव होतं 'दीर्घ रजा' नावाच्या फांदीवर. मोठ्या सिस्टर तिथेच. रिसेप्शनवाली, एक्स-रेवाला, औषधांच्या दुकानातली बाई, सगळी मंडळी एका फांदीवर चिमण्यांसारखी ओळीने बसलेली. आणि ॲप्लिकेशनला सांगितलेलं होतं, 'कार्यरत' फांदीवर शोध. तिथे नसला तर माणूसच नाही.

"हे मी टाकलेलं," रेडिओ तिच्या खांद्यावरून वाचत म्हणाला. "मीच टाकलेलं. म्हटलं कामावर असलेलेच लोक हवेत, तर तीच फांदी देऊ. आणि मेल आणि बाकीचं सगळं खोडापासून शोधतं, म्हणून तिथे कधी कळलंच नाही." मग जरा उसासून, "तर आता इथेही खोडापासून शोधायला लाव. एक ओळ बदलायची. एकच ओळ. विषय संपला."

दुपारची ती असती तर तिने तेवढंच केलं असतं. पण कंसाने एकदा हात भाजलेला. तिने आधी चाचणीच्या सर्व्हरवर, जिथे बिघडलं तरी कुणाचं अडत नाही, तिथे ती ओळ बदलली. तिचं लॉगिन झालं. रेडिओने टाळी वाजवली. मग तिने ड्युटी लावायचं पान उघडलं आणि नावांची यादी खाली खाली सरकवत नेली.

"हे कोण?"

"हे डॉक्टर तर निवृत्त झाले. कधीच झाले."

"आणि ह्या?"

रेडिओने नाव वाचलं. मग म्हणाला, "ह्या वारल्या गं. दोन वर्षं झाली."

खोडापासून शोधलं की 'सोडून गेलेले' ही फांदीही हाती लागत होती. आणि जे आज खरोखर अंथरुणावर होते, तेही.

"म्हणजे उद्या मेलेल्या माणसाला रात्रपाळी लागेल," ती म्हणाली.

"आणि ती करणार कोण? जिवंत माणूसच दोन दोन करणार," रेडिओ म्हणाला, आणि ही एक गोष्ट त्याने पुन्हा सांगितली नाही.

खरा उपाय समोर होता. फांदी बरोबर होती, माणसं चुकीच्या फांदीवर राहिली होती. परत आलेल्यांना परत आणायचं. पण झाडावरची माणसं हलवायचा हक्क संगणक विभागाला नव्हता. पूर्वी कधीतरी झालेल्या भांडणानंतर तो आस्थापना विभागाकडे, म्हणजे अण्णांकडे गेला होता.

शुक्रवारी सकाळी ती अण्णांच्या टेबलापाशी उभी राहिली. दोरीला बांधलेला चष्मा, टेबलावर पाण्याचा तांब्या, आणि येणाऱ्याकडे न बघता "बसा" म्हणायची पद्धत.

"अण्णा, माणूस लांबच्या रजेवर गेला की तुम्ही त्याला झाडावर हलवता ना?"

"हलवतो. खातं बंद करतो आणि दीर्घ रजेच्या फांदीवर ठेवतो."

"आणि परत आला की?"

"खातं उघडून देतो. त्याशिवाय तुम्ही काम कशा करताय?"

"पण फांदीवरून परत नाही आणत."

अण्णांनी आता वर बघितलं. "कशाला आणायचं? कुणाचं काय अडतं? दार उघडल्याशी मतलब."

"मग ती फांदी केलीच कशाला?"

अण्णांनी चष्मा काढला. "तो चौथ्या मजल्यावरचा वॉर्डबॉय आठवतो? तुम्ही नवीन होता तेव्हा. अपेंडिक्सचं ऑपरेशन झालं, घरी पडून होता. आणि मेसेज मात्र रोज जायचा, उद्या सकाळी सातला हजर राहा. भोळा माणूस. एक दिवस टाके ओले असताना आला की सातला! पोट धरून इथे, तुम्ही उभ्या आहात तिथे उभा राहिला. म्हणाला, अण्णा, मेसेज आला होता. तेव्हा मी भांडून ती फांदी करून घेतली. तिथे बसलेल्या माणसाला मेसेज जात नाही. आजारी माणसाला जरा निवांत राहू द्यावं."

गुंडीच्या आईला आठवलं, बाळंतपणाच्या त्या साऱ्या महिन्यांत इस्पितळाचा एकही मेसेज आला नव्हता. तिला वाटलं होतं, आपल्याला विसरले. आणि इथे एक माणूस आपल्याला निवांत राहू देत होता.

"अण्णा, फांदी चांगलीच आहे," ती म्हणाली. "पण आम्ही अजून तिथेच बसलोय. आम्हाला खाली उतरवायला कुणी शिडीच लावली नाही."

"तुमचं म्हणणं कळलं. पण एकदम पंधरा माणसं हलवायची म्हणजे... रजेचा, पगाराचा त्या फांदीशी कुठे संबंध असला तर? महिनाअखेर आहे. एकाचा पगार अडकला तर तो तुमच्या तळघरात नाही येणार, माझ्या डोक्यावर बसणार. सोमवारी बघू. साहेबांची सहीही घेऊ."

"सोमवारी बाहेरच्या कंपनीचा माणूस येतोय."

"मग येऊ दे. तो बघेल."

"अण्णा, तो आला की मी दुपारच्या पाळीला जाते. आणि दुपारच्या पाळीला गेले तर माझी नोकरी सुटते, कारण मुलीला सांभाळायला संध्याकाळी माझ्याकडे कुणी नाही."

हे ती इस्पितळात पहिल्यांदाच मोठ्यांदा बोलली होती. शेजारच्या टेबलावरचं टायपिंग थांबलं. आता डोळ्यांत पाणी आलं तर मेल्याहून मेल्यासारखं होईल, असं वाटून तिने घाईघाईने पुढचं बोलून टाकलं. "पंधरा नका हलवू. एकटीला मला हलवा. पगार अडकला तर माझा अडकू दे. काही नाही अडकलं तर बाकीच्यांना हलवा."

 अण्णांनी चष्मा लावला, खुर्ची पुढे ओढली आणि तिचं नाव शोधलं. त्यांचा हात माउसवर असा जपून चालत होता, जणू भरलेलं भांडं एका ओट्यावरून दुसऱ्या ओट्यावर ठेवायचंय. नाव 'दीर्घ रजा'वरून सुटलं, 'कार्यरत'वर जाऊन बसलं.

"आता?"

"आता तुमच्याच मशीनवर बघू." तिने ॲप्लिकेशन उघडलं, नाव टाकलं, पासवर्ड टाकला. एक छोटं चक्र गरगरलं. मग पान उघडलं, आणि वरच्या कोपऱ्यात तिचं नाव होतं. 'ॲडमिन' नव्हे, तिचं स्वतःचं नाव.

"या," अण्णा म्हणाले. "आलात एकदाच्या कामावर."

मग त्यांनी पगाराची नोंद उघडून बघितली. ती जागच्या जागी होती. रजेचीही होती. दोन वेळा बघितली, शेजारच्या टेबलावरून एकदा बघून घेतली, आणि मग बाकीच्यांना एकेक करून हलवायला घेतलं. एवढंच नव्हे, मध्येच थांबून म्हणाले, "आता खातं उघडायच्या कामातच हलवायचं काम जोडून टाकतो. नाहीतर पुढच्या बाळंतिणीला पुन्हा तुमच्यासारखं भांडायला यावं लागेल."

"मी कुठे भांडले अण्णा?"

"मग भांडा पुढच्या वेळी. लवकर काम होतं."

दुपारी साहेब तिच्याबरोबर तिसऱ्या मजल्यावर आले. मोठ्या सिस्टर टेबलापाशी बसल्या, पान उलटायला करावं तसं त्यांनी बोट ओलं केलं आणि नाव टाकलं. पान उघडलं तेव्हा त्या खुर्चीत मागे रेलल्या. "अगं बाई, आहे की मी!" आणि पुढच्याच श्वासाला त्यांचा आवाज चढला. "ही रविवारची ड्युटी कुणी लावली? माझ्या वॉर्डातल्या पोरीला ओळीनं रात्रपाळ्या? मी आत नाही म्हटल्यावर असा कारभार करता होय!"

साहेब दोन पावलं मागे सरकले. "बाकीचे?" त्यांनी हळू आवाजात विचारलं.

"सगळ्यांचं झालं, सर. एक्स-रेवाला राहिलाय. त्याची ड्युटी चारला सुरू होते."

"मी झाडून सगळ्यांचं म्हणालो होतो."

"हो. चारला बघू."

चारला एक्स-रेवाला आला. साहेब, ती आणि रेडिओ, तिघं त्याच्या अंधाऱ्या खोलीत दाटीने उभे राहिले. एवढी माणसं बघून तो बिचारा दचकला. "काय झालं? मी काय केलं?"

"काही नाही. लॉगिन कर."

त्याने एका बोटाने एकेक अक्षर शोधत पासवर्ड टाकला. पडद्यावर उमटलं, नाव किंवा पासवर्ड चुकीचा आहे.

  तिने मनातल्या मनात झाडाची ती फांदी पुन्हा चाळली. अण्णांनी ह्याला हलवला होता ना? हलवला होता, तिने डोळ्यांनी बघितलं होतं. मग?

"थांबा," ती म्हणाली. "दादा, आज संगणक उघडताना हाच पासवर्ड टाकलात का?"

"संगणक? तो तर कालपासून उघडाच आहे." मग त्याने डोकं खाजवलं. "अरे हो! मागच्या आठवड्यात तुम्हीच नवीन दिलात ना. हा जुना."

रेडिओ एवढ्या जोरात म्हणाला, "चुकवतात! मी सांगत होतो ना, चुकवतात!" की साहेबांनासुद्धा हसू आवरलं नाही. एक्स-रेवाल्याने नवा पासवर्ड टाकला आणि दार उघडलं.

बाहेर जिन्यापाशी साहेब थांबले. "त्या कंपनीच्या माणसाला नको सांगतो," ते म्हणाले. "पण मॅडम, हे सगळं काय होतं ते एका पानात लिहून द्या. वर दाखवतो. खोडापासून शोधायला लावलं असतं तर काय झालं असतं, तेही लिहा. एकट्याचं काम म्हणणाऱ्यांना ते वाचू दे."

"आणि दुपारची पाळी?"

"सध्या तरी सकाळचीच."

"सध्या म्हणजे कधीपर्यंत, सर?"

साहेबांनी जिन्याच्या कठड्यावर हात ठेवला. एवढ्या दिवसांत पहिल्यांदाच ते तिच्याशी साहेबासारखं न बोलता माणसासारखं बोलले. "मॅडम, इथे माझंही सध्याच आहे."

ती तळघरात उतरली आणि उभ्या उभ्याच तिने नणंदेला फोन लावला. पलीकडे काहीतरी आपटल्याचा आणि त्यावर गुंडीच्या खिदळण्याचा आवाज आला.

"काय गं वहिनी? लवकर बोल, तुझी लेक माझ्या चष्म्याच्या मागे लागलीय."

"सकाळचीच पाळी राहिली."

"नक्की?"

"सध्या तरी."

"सध्या तरी म्हणजे सोमवारी नक्की ना? तेवढं सांग. सोमवारी किती वाजता आणून सोडतेस?"

"आठ वाजता."

"मग झालं तर," नणंद म्हणाली. "सोमवारचं ठरलं. मंगळवारचं मंगळवारी बघू."

गुंडीच्या आईने फोन ठेवला, खुर्ची ओढून घेतली आणि साहेबांना हवं असलेलं ते पान लिहायला बसली. पहिल्या ओळीत तिने लिहिलं, रजेवरून परत येणारा माणूस ज्या दिवशी दारातून आत येतो, त्याच दिवशी तो झाडावरही कामावर आला पाहिजे. मग तिने घड्याळाकडे बघितलं. निघायला अजून थोडा वेळ होता. दुसरी ओळही लिहून होण्यासारखी होती.